साडेतेरा इंच

कासारसाईला राहायला गेलो त्या पहिल्याच रविवारी माझा पिझ्झा माझ्याआधी घरमालकांच्या हाती लागला. मी वर अंघोळ करत होतो. डिलिव्हरीवाल्याने डबा खाली ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे दिला आणि तो निघून गेला. केस पुसत खाली आलो तर घरमालक डबा मांडीवर उघडून, पोलादी टेप पिझ्झ्यावर आडवी धरून बसले होते. चीजला टेप लागणार नाही एवढी काळजी मात्र त्यांनी घेतली होती.

“साडेनऊ,” ते म्हणाले. “सांगितला किती व्हता?”

“मिडियम.”

“मिडियम हे काय माप झालं व्हय? इंच बोल.”

मोबाईल काढून बघितलं. दहा इंच लिहिलं होतं. अर्ध्या इंचासाठी काय भांडायचं, विसावा हिस्साच तर गेला, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

“इंजिनेर हाईस न्हवं? धा गुनिले धा शंभर. साडेनऊ गुनिले साडेनऊ नव्वद. विसावा न्हाई गेला, धाव्वा गेला. घे, खा आता, गार व्हईल.”

या माणसाने स्वतः पिझ्झा कधी तोंडात घातला नव्हता. भाकरीवर आमटी सांडून वाळल्यागत दिसतंय, असं त्यांचं त्याबद्दल मत होतं. पण आसपासच्या दहा मैलांत पिझ्झ्याचं त्यांच्याइतकं अचूक माप कोणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून आम्ही भाडेकरूही नाना म्हणू लागलो. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटक, डोक्यावर टोपी आणि बंडीच्या खिशात टेप. जन्मभर त्यांनी विहिरी खणल्या होत्या. विहिरीला ते हीर म्हणत. इकडे कासारसाईपासून तिकडे मालेपर्यंत आणि एक तर पार ताम्हिणीत, अशा त्यांच्या विहिरी पसरलेल्या होत्या. पुढे बोअरचं युग आलं. बोअरला ते विहीर मानत नसत. “त्ये भोक हाय,” एवढंच म्हणत. कामं थांबल्यावर त्यांनी रस्त्याकडेच्या जागेत बारा खोल्या आणि पुढे एक गाळा बांधला, आणि हिंजवडीच्या कंपन्यांत जाणारे आमच्यासारखे लोक भाडेकरू म्हणून ठेवले.

पण हाताची सवय कुठे जाते. गोल वस्तू दिसली की टेप बाहेर येई. बादली, तवा, परात, पाण्याची टाकी, गाडीचा टायर. एकदा त्यांनी बायकोच्या भाकऱ्या मोजल्या. सोमवारची भाकरी आठ इंच आणि मंगळवारची साडेसात, म्हणजे सुमारे आठवा हिस्सा कमी, हे त्यांनी चुलीपुढे बसून सिद्ध केलं. नानींनी शांतपणे परात त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, “उद्यापास्नं तुमीच थापा.” पुढचा आठवडाभर नाना भाकऱ्या थापत होते. त्या नकाशासारख्या व्हायच्या, त्यामुळे त्यांचा व्यास काढता येत नसे, आणि ते विषय बदलत.

पहिल्या डिसेंबरात थंडी पडली तेव्हा त्यांनी मला एक शाल दिली. धरणावरून येणारं वारं रात्री हाडात शिरतं, घे पांघरायला, म्हणाले. तपकिरी रंगाची, जरीच्या काठाची, सत्कारात खांद्यावर टाकतात तसली. शेजारच्या खोलीतल्या ओडिशाच्या मुलाकडेही तशीच होती, वरच्या नागपूरच्या मुलीकडेही. बारा खोल्यांत बारा सत्काराच्या शाली. एवढ्या कुठून आल्या असं विचारलं तर म्हणाले, “मिळत्यात.” आणि उठून गेले. विहिरींवर तासन्‌तास बोलणारा माणूस शालीवर एका शब्दात संपला, हे मला जरा खटकलं होतं.

रविवारी संध्याकाळी ओट्यावर त्यांचा दरबार भरे. मोबाईल हातात घेऊन आम्ही रांगेने उभे. दोन मिडियमवर एक फुकट घ्यावा की एक लार्ज, असला तो खटला असे.

“अंकल, ये वाला सही है?” ओडिशाचा मुलगा विचारी.

“इंच किती?” नाना विचारत, आणि मनातल्या मनात व्यासाला व्यासाने गुणत. बावीस सप्तमांश त्यांनी कधीच टाकून दिला होता. दोन्हीकडं सारखाच हाय, मग उगा कशाला वागवायचा, असं ते म्हणत. सात सात इंचांचे दोन पिझ्झे म्हणजे दहाचा एक, दहा दहाचे दोन म्हणजे चौदाचा एक, हे त्यांच्याकडून आम्ही पाठ केलं. पिझ्झ्याची कोरडी कड ते हिशेबात धरत नसत. हिरीचं बांधकाम कुणी पाण्यात मोजतं का, असा त्यांचा सवाल असे. आणि निकाल बहुधा एकच लागे.

“चौघांनी चार बारक्या हिरी खांदण्यापरास येक मोठी घ्या की. काठ कमी, पानी जास्त.”

त्यामुळे झालं असं की, सहा महिने एकमेकांचं नावही माहीत नसलेले आम्ही लोक ओट्यावर एका डब्याभोवती बसून खाऊ लागलो. नागपूरच्या मुलीला तिखट लागे, ओडिशाच्या मुलाला कांदा चालत नसे, त्यावरून भांडणं होऊ लागली, म्हणजे ओळख झाली.

नानांच्या सुनेने पुढच्या गाळ्यात स्वतःचं पिझ्झ्याचं दुकान काढायचं ठरवलं ते यातूनच. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. बाई मोठी जिद्दीची. पुण्यात जाऊन पंधरा दिवसांचा क्लास केला, भट्टी आणली, पत्र्याची ताटं आणली. तिचा नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. त्याला हे काही पटलं नव्हतं. एक मोबाईलवाला गाळा मागत होता आणि महिन्याचं भाडं बिनघोर मिळणार होतं. शेवटी तो म्हणाला, “वैशाखापातूर बघ. जमलं तर जमलं, न्हाईतर गाळा त्येला.” तिने मान्य केलं. सासऱ्यांना मात्र तिने पहिल्याच दिवशी बजावलं, “मामंजी, गिऱ्हाइकासमोर टेप काढायची न्हाई. मानसं पळून जातील.”

मेन्यूकार्ड मी केलं. भावही मीच लावले. वहिनींनी विचारलं, साताला शंभर ठेवू म्हणते, चौदाला किती? मी कॉम्प्युटरसमोर बसलेलो, म्हटलं दुप्पट, दोनशे. दोन वर्षं नानांच्या ओट्यावर बसून, व्यासाचे वर्ग पाठ करून, मी दुप्पट म्हणालो. खायच्या बाजूला बसून जे कळतं ते विकायच्या बाजूला बसलं की कसं विसरायला होतं, याचं मला आजही नवल वाटतं.

कार्ड लागलं त्या दिवशी नाना दुकानासमोर उभे राहिले. चष्मा पुसला. कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. मग एकच वाक्य म्हणाले, “थोरलं गोल तुला खाईल, पोरी.” वहिनींना वाटलं, टेपबंदीचा राग काढतायत. त्या हसल्या आणि पीठ मळायला लागल्या.

दुकान चाललं, आणि कसं चाललं. धरणावर येणारे शनिवार-रविवारचे लोक गाड्या थांबवू लागले. चौदा इंच दोनशेला, हे एकाने दुसऱ्याला सांगितलं. सात इंची कोणी मागेना. गर्दी बघून बस-ड्रायव्हर नवराही सुटीच्या दिवशी खुर्च्या लावू लागला. आणि सोमवारी चीज आणायला वहिनींकडे पैसे नसत. असं चार महिने चाललं. गर्दी वाढेल तशा त्या वाळत चालल्या होत्या.

वैशाख लागला. एका दुपारी मी घरून काम करत होतो, खाली शटर ओढल्याचा आवाज आला. एवढ्या लवकर कधी बंद होत नसे. मी उतरलो. वहिनी अर्ध्या शटरमागे वही घेऊन बसल्या होत्या आणि नाना मैद्याच्या पोत्यावर. त्यांच्या हातात टेप होती, पण उघडलेली नव्हती.

“साताला सामान किती लागतं?” नाना विचारत होते.

“पंचावन्नाचं.”

“मग चौदाला?”

“दुप्पट. एकशेधा.”

“चौपट,” नाना म्हणाले. “दोनशे वीस. आन तू घेतीस दोनशे.”

“वहिनी, चूक माझी आहे,” मी म्हणालो.

“तुमची कसली? भाव तुमी लिव्हला, पर गोळा तर मी घेत व्हते. हाताला कळत व्हतं चौपट लागतंय म्हनून, डोक्याला न्हाई कळलं.” त्यांनी वही मिटली. रडल्या नाहीत, पण आवाज पार खाली गेला होता. “मला धंद्यातलं कळत न्हाई, मामंजी. चार म्हयने मी गर्दीच बघत बसले. सांगा ह्यास्नी, द्या गाळा मोबाईलवाल्याला.”

नाना बराच वेळ टेपचं बटण दाबत-सोडत बसले. मग म्हणाले, “तू चार म्हयने. मी वरीसभर.”

“काय वरीसभर?”

“वस्तीतली हीर.”

ही विहीर सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. धरणाच्या अलीकडे बौद्धवस्ती आहे, तिथली ती वीस फुटी विहीर. नानांनी तरुणपणी नगण्य पैशांत बांधून दिली, मोठ्या मनाचा माणूस, असं सगळे सांगायचे. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला वंदना आणि खीर झाली की वस्ती त्यांना विहिरीपाशी बोलावून हार-शाल देते, हेही मी ऐकून होतो. बारा खोल्यांतल्या शालींचा उलगडा मला त्या मैद्याच्या पोत्यापाशी झाला.

“ठेकेदार म्हनून माझं पयलंच काम,” नाना सांगू लागले. “मंडळी आली. धा फुटी हिरीला परसाला काय घेतोस? मी सांगितलं.” परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली, विहिरीचा भाव त्यावर ठरे. “म्हनली, आमाला वीस फुटी पायजे. चारी अंगानं चार रहाट बसले पायजेत. आमच्या बाया दुसऱ्याच्या हिरीवर लई वाट बघत उभ्या ऱ्हायल्या, आता न्हाई. मी म्हनलं, धाच्या दुप्पट द्या. शब्द दिला. तंबाखू मळायला लागतो तेवढा येळ बी इचार केला न्हाई.”

“आणि?”

“दुसऱ्या परसाला ध्यानात आलं. गाळ सरंचना. दुप्पट रुंद, गाळ चौपट. वरीस गेलं, दुसरं काम घेता आलं न्हाई, बैलजोडी इकली.”

“मग सांगितलं का न्हाई त्यास्नी?” वहिनींनी विचारलं.

“काय सांगू? हिरीचा ठेकेदार हाय आन मला गोल कळत न्हाई म्हनून? गप खांदत ऱ्हायलो. पानी लागलं तवा त्येंनी हार घातला, मोठ्या मनाचा मानूस म्हनली. मला वाटलं पुढच्या साली सांगू. तवाधरनं घेतुया हार. चुकीचा हार हाय त्यो, पोरी. तू येवढ्या चुकीवर गाळा सोडतीस, आन मी येवढ्या चुकीवर शाली वाटतुया.”

वहिनी खुदकन हसल्या. मग गंभीर झाल्या. सासऱ्यांशी असं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

“मामंजी, परवाच्याला पुनव हाय. तुमी तितं खरं सांगा. सांगितलंसा तर मी शटर उघडते. न्हाई सांगितलं तर गाळा मोबाईलवाल्याचा.”

नानांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही तोड काढीन. मी पोत्यावरचं अक्षर वाचत राहिलो.

पौर्णिमेला सकाळी आम्ही तिघेही वस्तीत गेलो. नानांचा मुलगाही रात्रपाळीची बस रस्त्याला लावून तसाच आला. खीर झाली. विहिरीपाशी सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. चारी अंगांचे चार रहाट अजून होते. घरोघर नळ आल्यापासून त्यांचं काम संपलं होतं, पण कोणीतरी त्यांना दरवर्षी रंग देत असावं. हार घालायला वस्तीतले ओव्हरसियर उठले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नानांच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, रोज संध्याकाळी नानांबरोबर धरणापर्यंत फिरायला जाणारे. त्यांनी हार वर उचलला आणि नानांनी हात आडवा केला.

“थांबा, सायब. ह्यो हार मी घेत न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. लांबवलं नाही, सजवलं नाही. मी मोठ्या मनाचा न्हवतो, मला गोलाचा हिशोब येत न्हवता, एवढंच. वहिनींनी पदर घट्ट धरला होता. मला वाटलं, उगाच या म्हाताऱ्याला आपण इथवर आणलं.

ओव्हरसियरांनी हार तसाच हातात ठेवला. “नाना, मला माहीत होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“तुम्ही दुसऱ्या परसावर होता तेव्हाच. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो. सुटीत आलो, सहज वहीत मांडलं आणि वडलांना सांगितलं, हा माणूस बुडतोय. वडील म्हणाले, त्याच्या तोंडावर बोलू नकोस, तरणा गडी आहे, लाजेनं काम टाकून जाईल. आमच्याकडं वर्गणीचे पैसे तेवढेच होते. मग वस्तीत बैठक झाली. ठरलं, घरटी एक माणूस रोज गाळ वर ओढायला जाईल.”

नानांचं तोंड उघडंच राहिलं. “तुमी म्हनला व्हता, आमची हीर हाय, आमचा बी हात लागू द्या.”

“काहीतरी म्हणायला पाहिजे होतं ना.”

“आन मला वाटलं, तुमाला हौस हाय.” नाना खुर्चीत बसले. “मग ह्यो हार कशाचा, इतकी वर्सं?”

“वीस फूट सांगितली होती, तुम्ही वीस दिली. आतून एकोणीस करून बांधकाम चढवलं असतं तर उतरून टेप कोण लावणार होतं? अर्धी टाकून गेला असता तरी कोण विचारणार होतं? तुम्ही त्यातलं काहीच केलं नाही. मोठ्या मनाचं बोलणारे बोलोत, आम्ही हार त्याचा घालतो.”

नानांनी टोपी काढून डोळे पुसले आणि मान खाली केली. ओव्हरसियरांनी हार घातला. शेजारी बस-ड्रायव्हर मुलगा उगाच विहिरीत वाकून बघत होता. थोड्या वेळाने हाराच्या आतून नानांचा आवाज आला.

“वीस फूट दोन इंच हाय. मोजून बघा.”

सगळी वस्ती हसली.

त्याच दुपारी मुलगा बायकोला म्हणाला की पाऊस सरेपर्यंत बघू, मोबाईलवाला काय पळून जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या बससाठी उतरलो तर शटर वर होतं. वहिनी स्टुलावर उभ्या राहून जुना भाव खरवडत होत्या आणि दुकानाच्या आत, टेपबंदीच्या हद्दीत, नाना उभे होते. नवी शाल त्यांनी घडी करून मैद्याच्या पोत्यावर ठेवली होती. ही सुनेची, मी काही ही कुठल्या भाडेकरूला देणार नाही, असं त्यांनी मला न विचारताच सांगितलं.

“मामंजी,” वहिनी वरून म्हणाल्या, “त्ये चौदाचं ताट येकदा मोजा बरं.”

नानांनी टेप काढली. ताट उजेडाकडे नेऊन आतल्या काठापासून आतल्या काठापर्यंत मोजलं, फिरवून पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघितलं.

“साडेतेरा.”

“काय सांगता?”

“इकनाऱ्यानं चौदा सांगून साडेतेरा दिलं. येकशे ब्याऐंशी भरतंय, येकशे शहाण्णव न्हाई. म्हंजी तू वीस रुपयानं बुडत न्हवतीस. पाचानंच बुडत व्हतीस.”

वहिनी स्टुलावरच हसत सुटल्या. मी घाईघाईने म्हणालो की चौदाच लिहा, सगळे तसंच लिहितात, अर्ध्या इंचाने कोणाला काय कळतंय. दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की माझी बस आलेली बरी वाटली.

संध्याकाळी परत आलो तेव्हा पाटी तयार होती. लार्ज नाही, चौदा नाही. साडेतेरा इंच, साडेतीनशे रुपये. पहिल्या शनिवारी गर्दी निम्मी झाली, सोमवारी चीज मात्र आलं. पुढे गर्दीही परतली. आता मी बाणेरला राहतो, पण त्या रस्त्याने गेलो की थांबतोच. परवा गेलो तेव्हा एक गाडी थांबली होती. गाडीतला माणूस पाटीकडे बघत म्हणाला, “साडेतेरा? अशी कुठं साईज असते का?”

वहिनींनी भट्टीवरून नजर न काढता डावा हात मागे केला. पोत्यावर बसलेल्या नानांनी त्यात टेप ठेवली.